बार्शी लाइट, भागिले सत्त्याऐंशी

७६२ ला ८७ ने भागलं की ८.७६ येतात. आमच्या छंदात इतकी चांगली बातमी क्वचित मिळते. ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट, हे बार्शी लाइट रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतर. आणि ८७ हा जगातल्या असंख्य मॉडेल रेल्वेवाल्यांचा भाजक. खऱ्या गाडीच्या प्रत्येक मापाचा सत्त्याऐंशीवा भाग करायचा. या प्रमाणाला एचओ म्हणतात. बाजारात नऊ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. ते खरं तर १:१६० प्रमाणाच्या, एन नावाच्या आणखी छोट्या गाड्यांसाठी असतात, पण मला काय त्याचं? पाव मिलिमीटरचासुद्धा फरक पडत नाही. माझ्या चष्म्यातून तो दिसत नाही आणि ज्यांना दिसतो त्यांना मी चहा देते.

ब्रॉडगेजवाल्यांचं नशीब एवढं चांगलं नाही. आपल्या मोठ्या गाडीच्या रुळांमध्ये १६७६ मिलिमीटर अंतर असतं. त्याला ८७ ने भागलं तर १९.३ यायला हवेत. बाजारातले एचओचे रूळ मात्र साडेसोळा मिलिमीटरचे, कारण ते युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरवर बेतलेले. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक हौशी लोकांची डेक्कन क्वीन वरून बरोबर आणि पायात अरुंद असते. समोरून पाहिलं की ते खटकतं, बाजूनं पाहिलं की कळत नाही. म्हणून ही मंडळी आपल्या गाड्यांचे फोटो बाजूनं काढतात.

माझं माहेर बार्शीचं. नोकरी पुण्यात केली, एका इंजिनिअरिंग कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात, ट्रेसर म्हणून. दुसऱ्याने पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तो शाईने गिरवायचा, हे ट्रेसरचं काम. संगणक आले आणि आमची जमात संपली. हाताला बारीक रेघ मारायची सवय तेवढी राहिली. मुलगा परगावी गेल्यावर त्याच्या खोलीत भिंतीच्या कडेने प्लायवूडचं लांबलचक टेबल आलं आणि त्या टेबलावर हळूहळू कुर्डुवाडीच्या बाजूचा माळ आला. सोसायटीतली मुलं मला रेल्वेकाकू म्हणतात. त्यांच्या आया काय म्हणतात, ते मी विचारलेलं नाही.

हा छंद मुळात खेळण्यांच्या दुकानातून आला. १८९१ मध्ये जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीने लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापाच्या रुळांवर चालणारी गाडी मांडली. म्हणजे या वर्षी इंजिन घ्या, पुढच्या वाढदिवसाला दोन डबे घ्या, त्यानंतर सांधा घ्या. पोराला एकदा गाडी दिली की बाप कायमचा गिऱ्हाईक! इंग्लंडात फ्रँक हॉर्नबीने १९२० पासून चावीच्या गाड्या विकल्या. मापं लहान होत गेली, तशी गाडी जमिनीवरून टेबलावर चढली आणि मुलाच्या हातातून बापाच्या हातात गेली. तिथून तिचं खेळणंपण कमी होत गेलं.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे; मुलांना घेऊन एकदा तरी जावं. जर्मनीत हँबुर्गला ब्राउन नावाच्या जुळ्या भावांनी २००१ मध्ये मिनिएचर वंडरलँड उघडलं, तेही १:८७ चंच. तिथे डोंगर, शहरं, विमानतळ, सगळं आहे. मला दोन्ही ठिकाणं आवडतात, पण घरी बसून काम करणाऱ्याचं दुखणं वेगळं असतं. त्याला सगळं जग नको असतं. त्याला एकच लाइन हवी असते, एकच काळ हवा असतो, आणि त्या काळात त्या लाइनवर जे नव्हतं ते त्याच्या टेबलावर चालत नाही. माझं टेबल १९६० नंतरच्या चार-पाच वर्षांतलं आहे. बार्शी लाइट तेव्हा सरकारजमा होऊन मध्य रेल्वेत गेली होती आणि वाफेची इंजिनं होती. कोणी प्रेमाने डिझेल इंजिन भेट दिलं तर ते मी शोकेसमध्ये ठेवते.

बार्शी लाइट निवडण्याचं एक कारण माहेर. दुसरं, एव्हरार्ड काल्थ्रॉप. हा इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेत नोकरीला आला आणि नॅरोगेजने त्याला झपाटलं. बार्शी ही व्यापाराची पेठ, पण मुंबई-मद्रास मार्ग तिला बाजूला टाकून गेलेला. काल्थ्रॉपने तिथवर स्वस्तातली लाइन टाकायची योजना आखली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी टाऊन अशी गाडी सुरू झाली. त्याचा आग्रह एकच होता: गाडीत काहीही असो, इंजिन, डबा की वाघीण, एका अ‍ॅक्सलवर पाच टनांहून जास्त भार नको. मग रूळ हलके चालतात, यार्डाला तीस पौंडांचे. पूल हलके चालतात. खर्च आवाक्यात येतो. लीड्सच्या किटसन कंपनीने त्याला इंजिनं करून दिली, पुढे आठ मोठी जोडलेली चाकं आणि मागे चार लहान. सहा अ‍ॅक्सल, प्रत्येकी पाच टन. इंजिनाचं वजन तीस टनांच्या आतच. माल जहाजावर चढवण्याआधी त्याने लीड्सजवळ न्यूले इथे थोडे रूळ टाकून ही सगळी वरात लोकांना चालवून दाखवली.

आणि वाघिणी! पंचवीस फूट लांब, सात फूट रुंद असा एकच सांगाडा, दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचा, त्यावर हवी ती पेटी बसवायची: उघडी, बंद, सपाट. माझ्यासारखीला यापेक्षा काय पाहिजे? एक सांगाडा जमला की सगळ्या मालगाडीचा पाया जमला.

गमतीचा भाग असा की बार्शीची ही अक्कल पुढे इंग्लंडात गेली. स्टॅफर्डशरमध्ये १९०४ मध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची आठेक मैलांची लाइन सुरू झाली, तीही अडीच फुटी, इंजिनं तीही किटसनचीच आणि इंजिनिअर हाच काल्थ्रॉप. इंजिनांच्या कपाळावर आपल्याकडच्यासारखे भले मोठे दिवे. दोनच इंजिनं, त्यातल्या एकाचं नाव ई. आर. काल्थ्रॉप. दऱ्याखोऱ्यांतून दूध वाहणारी ही गाडी तीस वर्षं चालली आणि १९३४ मध्ये बंद पडली. पण इंग्लंडातल्या मॉडेलवाल्यांची ती इतकी लाडकी, की तिच्या नकाशांना, पुस्तकांना तोटा नाही. तिची थोरली बहीण बार्शी. ती पुढे लातूर, पंढरपूर, मिरजेपर्यंत सव्वातीनशे किलोमीटर पसरली. तिच्या वाट्याला त्यातलं फार थोडं आलं. याचा मला राग येतो आणि फायदाही होतो, कारण धाकटीच्या नकाशांवरून थोरलीची कितीतरी मापं ताडून घेता येतात. (काल्थ्रॉपला रेल्वेशिवाय दोन वेडं होती: अरबी घोडे आणि पॅराशूट. १९१० मध्ये त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला, विमान अपघातात गेला आणि हा वैमानिकांसाठी पॅराशूट करण्याच्या मागे लागला. त्यावर वेगळा लेख होईल.)

नकाशा मिळाला नाही तर फोटोवरून काम करायचं. फोटोतलं एक माप ठाऊक असलं की बाकीची हाताशी येतात. वाघिणीची लांबी पंचवीस फूट माहीत आहे ना, मग दाराची रुंदी लांबीच्या कितवा भाग आहे ते फोटोवर मोजा. फोटो तिरका असला तर जवळची बाजू मोठी दिसते, तिचा हिशेब वेगळा करावा लागतो. दगडी इमारतीची उंची हवी असेल तर एका थराची उंची हाताने मोजून घ्यायची आणि थर गणत वर जायचं. स्टेशनात फूटपट्टी घेऊन भिंतीशी उभ्या राहिलेल्या बाईकडे पोलीस संशयाने बघतात, एवढं ध्यानात ठेवावं.

आता वाघीण. ८७ ने भागल्यावर ती साडेसत्त्याऐंशी मिलिमीटर लांब आणि साडेचोवीस रुंद होते. पेटीसाठी मी अर्ध्या मिलिमीटरचा प्लॅस्टिक शीट वापरते. पत्र्यावरचे रिव्हेट दाखवायचे तर शीट उलटा करून मागून बोथट सुईने एकेक टिंब दाबायचं. अंतर सारखं यावं म्हणून खाली ग्राफपेपर. एकाच दाबाने, एकाच खोलीचे. इथे माझी सगळी नोकरी कामाला येते. तारेचे दांडे, कड्या, बिजागऱ्या पितळेच्या तारेच्या. डाख लावताना हात स्थिर हवा आणि सोल्डरिंग आयर्न लवकर उचलायला हवं, नाहीतर शेजारचा आधीच लावलेला दांडा सुटून येतो. हल्ली तरुण पोरं हे सगळं संगणकावर काढून थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये छापतात. त्यांचे रिव्हेट माझ्यापेक्षा सारखे येतात, हे मान्य. पण जवळून पाहिलं तर उतारावर छपाईचे थर दिसतात आणि ते पॉलिश पेपरने घासताना रिव्हेटही जातात. तेव्हा घासणं कोणालाच चुकलेलं नाही.

वाघीण दिसायला कितीही सुंदर असली तरी रुळांवर टिकली पाहिजे. प्लॅस्टिकची पेटी फुलासारखी हलकी; वळणावर पुढून इंजिन ओढतं, मागून गाडी ओढते आणि मधली वाघीण आतल्या बाजूला कलंडते. म्हणून सांगाड्याच्या पोकळीत शिशाचे तुकडे किंवा लोखंडी वायसर चिकटवायचे, तेही शक्य तितके खाली. दुसरं, दोन्ही बोग्या, म्हणजे वाघिणीखालचे चाकांचे गाडे, सारख्या आवळायच्या नाहीत. एक घट्ट, म्हणजे ती फक्त डावी-उजवीकडे वळेल. दुसरी किंचित ढिली, म्हणजे ती हेलकावेही घेईल. चार पायांचं स्टूल ओबडधोबड फरशीवर डुगडुगतं, तीन पायांचं नाही. इथे तेच करायचं असतं. आठ चाकांच्या इंजिनाची अडचण याहून मोठी. खऱ्या लाइनवरची वळणं ८७ ने भागून घरात मावत नाहीत, म्हणून आमची वळणं नेहमीच जास्त तीव्र. मग मधल्या चाकांच्या कडा कानशीने घासून काढायच्या किंवा त्यांना आडवं सरकायला थोडी जागा ठेवायची. बघणाऱ्याला ते कळत नाही, रुळाला कळतं.

इंजिनं चालतात कशी, हे सगळेच विचारतात. थोडक्यात: साध्या पद्धतीत दोन रूळ म्हणजे विजेची दोन टोकं, बारा व्होल्ट डीसी. चाकांतून वीज मोटारीला जाते, टोकं उलटी केली की गाडी उलटी जाते. नव्या, डिजिटल पद्धतीत रुळांत कायम वीज असते आणि प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप असते, तिला नंबर असतो. नंबर दाबून हुकूम सोडला की तेवढंच इंजिन हलतं, बाकीची जागेवर. यात खरी डोकेदुखी एकच, धूळ. पुण्यात ती कुठून येते आणि थांबते का, याचा शोध मी सोडून दिला आहे. स्पिरिटचा बोळा घेऊन रूळ पुसत राहायचं.

जमीन करणं मला वाघिणींपेक्षा अवघड वाटतं. खरी काळी माती आणून टेबलावर पसरली की ती खोटी दिसते. दोन कारणं आहेत. खऱ्या ढेकळाला ८७ ने भागायला हवं, ते टेबलावर जसंच्या तसं येतं. म्हणून माती वाळवून, कुटून वस्त्रगाळ करायची. दुसरं कारण रंगाचं. बाहेर आपण माळ बघतो तेव्हा मध्ये पुष्कळ हवा असते, ऊन असतं. लांबचा काळा रंग राखाडी दिसतो. टेबलावरची माती हातभर अंतरावर, ट्यूबलाइटखाली. म्हणून तिच्यात राख मिसळून ती फिकी करावी लागते. इंजिनाचंही तेच. शुद्ध काळा रंग मी डबीतून बाहेर काढतच नाही. त्यात थोडा करडा, थोडा तपकिरी असतोच. रुळांखालच्या खडीचा दोन इंची दगड भागाकारानंतर अर्ध्या मिलिमीटरच्या थोडा वर जातो, म्हणजे चाळणीतून पडलेली बारीक वाळू. ती ब्रशने स्लीपरांमध्ये सारायची, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकलेलं पाणी तिच्यावर फवारायचं आणि मग पातळ केलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडायचा. साबण नसला तर फेव्हिकॉलचा थेंब वर गोळा होऊन बसतो आणि वाळू त्याला चिकटून उठते. साबणाने तो आत झिरपतो. हे सगळं रात्री करून पंखा बंद ठेवून झोपायचं.

झाडांत बाभूळ सोपी. जुन्या वायरीतली तांब्याची तार पिळून फांद्या करायच्या, वर विरळ, छत्रीसारखा पाला. दाट केला की आंबा होतो. घरं माळवदाची, म्हणजे कौलं चिकटवायचा त्रास नाही. सपाट धाबं, त्यावर मातीचा रंग, कोपऱ्यात वाळत घातलेलं काहीतरी. वाळत घातलेलं लाल असलं तर माणसं मिरच्या म्हणून ओळखतात. कोणताही दुसरा रंग घेतला की विचारतात.

या छंदातला मळ, धूर, गंज पुढे आणणाऱ्यांत जॉन अ‍ॅलन या अमेरिकन माणसाचं नाव सगळ्यांत वर. त्याने कॅलिफोर्नियात माँटेरेला घराच्या तळघरात डोंगराळ लाइन उभारली होती. तिचे फोटो मासिकांत छापून येऊ लागले तेव्हा लोक चकित झाले, कारण गाड्या चकचकीत नव्हत्या. धुरकटलेल्या, गंजलेल्या, ओघळ आलेल्या होत्या. इतकं खरंखुरं करणाऱ्या या गृहस्थाने यार्डात डबे ओढायला एक डायनोसॉर ठेवला होता, एमा नावाचा, आणि त्याबद्दल तो कधी शरमला नाही. १९७३ मध्ये तो वारला आणि काही दिवसांतच आग लागून त्याची बहुतेक लाइन जळाली. राहिले ते फोटो.

मळाचा मात्र विचार करावा लागतो. सगळीकडे सारखा तपकिरी फवारा मारला की गाडी चिखलातून काढल्यासारखी दिसते. मळ कुठून आला, ते आधी ठरवायचं. आपल्या भागातलं पाणी जड, म्हणून बॉयलरला जिथे गळती असेल तिथून पांढरे ओघळ खाली येतात. धुराड्याच्या मागे काजळी, पुढे नाही. बोग्यांवर रुळांची तांबूस धूळ. वाघिणीच्या दाराशी, हमालाचा हात जिथे रोज लागतो, तिथे रंग उडून आतलं पोलाद चमकतं. आणि प्रवासी डब्याच्या खिडक्यांखाली पानाचे ओघळ. गाडी ज्या दिशेला जाते त्याच्या उलट, मागे झुकलेले. हे ओघळ मी दोनच खिडक्यांखाली काढले आहेत. परदेशातून आलेल्या एका पाहुण्याने तो गंज समजून कौतुक केलं. मी आभार मानले.

सगळ्यांत जास्त वेळ जातो तो काय सोडायचं हे ठरवण्यात. कुर्डुवाडी ते बार्शी सुमारे पस्तीस किलोमीटर. ८७ ने भागून चारशे मीटर होतात, म्हणजे सोसायटीच्या फाटकातून निघून पलीकडच्या चौकापर्यंत टेबल न्यावं लागेल. माझ्याकडे एक भिंत आहे. तेव्हा स्टेशनची इमारत पुरी मापाची ठेवली, फलाट आखडला, यार्डातल्या लाइनी कमी केल्या, पाण्याची टाकी ठेवली, कारण ती गेली की स्टेशनची ओळख जाते. माळ मात्र रिकामा ठेवला. येणारे लोक म्हणतात, काकू, इथे देऊळ टाका, इथे विहीर, एवढी जागा मोकळीच आहे. नाही. त्या भागात गाडीतून बाहेर बघितलं की बराच वेळ काहीच दिसायचं नाही, आणि हे काहीच नसणं टेबलावर आणायला मला सगळ्यांत जास्त जागा मोडावी लागली आहे.

मुलांची तक्रार वेगावर असते. खरी गाडी तासाला पंचवीस किलोमीटरने जात असेल तर माझ्या टेबलावर ती सेकंदाला आठ सेंटिमीटर सरकली पाहिजे. "काकू, फास्ट करा ना!" करत नाही.

सध्या आषाढीची गाडी चालू आहे. पंढरपूरच्या यात्रेला डब्यांत, वाघिणींत माणसं कोंबलेली आणि टपावरही बसलेली मी लहानपणी पाहिली आहेत. भागाकारानंतर माणूस दोन सेंटिमीटरच्या आतबाहेर येतो. तयार मिळणारी माणसं जर्मन कंपन्यांची. हॅट घालून छत्री घेतलेली, कुत्रं फिरवणारी, स्की खांद्यावर टाकलेली. हॅटची कड कापून वर एम-सील लावलं की टोपी किंवा मुंडासं होतं, पँटवर एम-सीलच्या पातळ घड्या घातल्या की धोतर. पुरुष जमले. नऊवारीचा काष्टा दोन सेंटिमीटरच्या बाईवर अजून मनासारखा येत नाही, म्हणून बायका बऱ्याचशा डब्यात बसवल्या आहेत, खिडकीत फक्त डोकी आणि पदर. टपावरच्या माणसांनी वेगळीच पंचाईत केली आहे: वजन वर गेलं आणि पंढरपूरच्या बाजूच्या वळणावर वाघिणी कलंडायला लागल्या. त्यांच्या पोटात आता आणखी शिसं घालते आहे. सगळ्या टपांचं झालं की एकदा त्यांची अ‍ॅक्सलवारी वजनं करून काल्थ्रॉपच्या पाच टनांशी ताडून बघायचं आहे. वजनाला मात्र ८७ ने एकदा नाही, तीनदा भागावं लागतं.